वस्तुकेंद्री आज्ञावली-रचना

संगणकाच्या आज्ञावलीत माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया यांची एकत्र बांधणी करून ‘वस्तू’ नावाचे घटक बनविण्याची पद्धती. तिच्यापूर्वी रूढ झालेल्या संरचित पद्धतीत क्रियांना प्राधान्य असून माहिती त्यांच्यापासून अलग ठेवलेली असते. माहितीत फेरफार करण्याचा अधिकार कोणत्या घटकास असावा, या बाबतीत दोन्ही पद्धतींत मुख्य भेद आहे.

संरचित पद्धती : प्रारंभीच्या आज्ञावल्यांत एका आज्ञेवरून दुसऱ्या दूरच्या आज्ञेकडे उडी घेण्याची मुभा असल्याने दोष शोधणे दुष्कर होई. अनुक्रम, निवड व पुनरावृत्ती या तीन रचना पुरेशा आहेत, असे कोर्राडो बोम व जूझेप्पे याकोपीनी यांनी १९६६ मध्ये दाखविले. एट्सखर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये अशा उड्यांवर टीका केली. पास्कल व सी या भाषांमुळे ही पद्धती सर्वत्र पसरली.

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या बाजार समितीच्या आवारात होणाऱ्या कापूस-खरेदीचा हिशेब उदाहरणादाखल घेता येईल. वजन नोंदणे, प्रत ठरविणे, तोलाई वजा करणे व चुकारा काढणे अशी कामे संरचित पद्धतीत स्वतंत्र उपक्रमांत विभागली जातात. ते सर्व एकच सामाईक नोंद वापरत असल्यास तोलाईच्या उपक्रमातील चुकीने मूळ वजनाचा आकडा बदलू शकतो व शेतकऱ्याचा चुकारा कमी निघतो. मग दोष शोधण्यासाठी त्या नोंदीशी संबंधित सर्व उपक्रम तपासावे लागतात.

वस्तुकेंद्री पद्धती : येथे प्रत्येक खरेदीची पावती ही एक वस्तू मानतात. वजन व दर हे तिचे गुणधर्म, तर चुकारा काढणे ही तिची क्रिया होय. वजन पावतीच्या अंतर्भागात राहते. इतर घटक ते विचारू शकतात, परंतु परस्पर बदलू शकत नाहीत. यास संपुटन म्हणतात. सर्व पावत्यांचे गुणधर्म व क्रिया निश्चित करणारा आराखडा म्हणजे ‘वर्ग’.

‘शेतमाल’ या सामान्य वर्गापासून कापूस, सोयाबीन व तूर हे उपवर्ग करता येतात. सामाईक गुणधर्म त्यांना आपोआप मिळतात. हा ‘वारसा’ होय. प्रत ठरविण्याची आज्ञा सर्वांना एकच असली, तरी कापूस धाग्याची लांबी व ओलावा, तर सोयाबीन ओलावा व काडीकचरा विचारात घेते. ही ‘बहुरूपता’ होय. त्यामुळे नवा माल आल्यास नवा उपवर्ग जोडतात आणि जुना भाग बहुधा तसाच राहतो.

इतिहास व मूल्यमापन : ऑस्लो येथील ओले-योहान दाल व क्रिस्टेन न्यूगॉर यांच्या सिम्युला ६७ या भाषेत वर्ग, वस्तू व वारसा या संकल्पना प्रथम एकत्र आढळतात. ॲलन के व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात स्मॉलटॉक भाषा विकसित केली. पुढे ब्यार्न स्ट्राउस्ट्रप यांची सी प्लस प्लस (१९८५) आणि जावा (१९९५) या भाषांनी ही पद्धती उद्योगव्यवहारात रुजविली.

दोन्ही पद्धती परस्परविरोधी नाहीत. वस्तूच्या प्रत्येक क्रियेच्या अंतर्भागात संरचित पद्धतीच्याच तीन रचना असतात. लहान गणितीय कामांस संरचित पद्धती सुटसुटीत ठरते, तर वारशाची साखळी फार लांबल्यास वस्तुकेंद्री आज्ञावलीही दुर्बोध होते. काट्यावरच चुकीचे नोंदलेले वजन संपुटनाने बरोबर होत नाही. मात्र नोंदीनंतर ते कोठे बदलू शकते, ती जागा निश्चित होते.