बिऱ्हाड पाहावे हलवून!

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपली जुनी माणसे म्हणून गेली. त्यांच्या काळी बदल्या कमी होत असाव्यात, नाहीतर ‘बिऱ्हाड पाहावे हलवून’ हे तिसरे वाक्य त्यांनी नक्कीच जोडले असते! (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ‘बिऱ्हाड’ हा शब्द लिहिताना मला तो दोनदा खोडावा लागला, पण दुसरा कुठलाच शब्द इथे बसत नाही.)

मित्रांनो, हा विषय आपल्या मॅगझिनमध्ये कशाला, असे कुणी विचारेल. कारण सोपे आहे. कॅम्पस झाला की दोन वर्षांत आपल्यापैकी निम्मे जण पुण्याला किंवा हैदराबादला सामान घेऊन जाणार. स्टाफपैकी काहींची बदली ठरलेलीच. आणि होस्टेलमध्ये ‘अर्ध्या घरा’तली मुले कमी नाहीत. म्हणजे वडील नांदेडला, आई आणि भाऊ लातूरला. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांमुळे ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाले, आणि तेव्हापासून जून आला की नांदेड, परभणी, हिंगोलीकडून असे अर्धे संसार लातूरला निघतात. यंदा आमच्या घरातला नंबर होता. ‘इंजिनिअरिंगला आहेस ना, मग कर हिशेब’ असे म्हणून पप्पांनी वही माझ्यासमोर टाकली. त्या वहीतून जे समजले ते इथे मांडते.

वाय = एम एक्स + सी

आपल्याकडे बिऱ्हाड हलवायचे म्हटले की पहिला प्रश्न असतो, ‘गाडी कितीला पडली?’ लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे नांदेड ते लातूर सुमारे १४० किलोमीटर. रेल्वेने जायचे तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा, म्हणून घरसामान रस्त्यानेच जाते. गाडीवाल्याला परतीचा माल मिळण्याची खात्री नसते, म्हणून तो दोन्ही बाजूंचे पैसे धरतो. समजा दर किलोमीटरला २५ रुपये, तर २८० किलोमीटरचे झाले ७,००० रुपये.

आता बाकीचे बघा. दोन खोल्यांच्या साध्या घराचा हा नमुना हिशेब आहे, आकडे तुम्ही आपापले घाला.

गाडी – ७,०००
हमाली, दोन्हीकडची – ४,०००
खोकी, सुतळी, बारदान, ताडपत्री – २,०००
पंधरा दिवस दोन्ही घरांचा किराया – ४,०००
इलेक्ट्रिशियन, प्लंबर, किरकोळ – २,०००
प्रवास, खाणे – १,०००
एकूण – २०,०००

हेच बिऱ्हाड पुण्याला न्यायचे झाले तर? अंतर सुमारे ४५० किलोमीटर, म्हणजे तिपटीहून जास्त. गाडीचे होतील २२,५००, पण बाकीचे १३,००० जवळपास तेवढेच राहतील. एकूण ३५,५००. अंतर तिप्पट, खर्च मात्र पावणेदोन पट! म्हणजे आपली ओळखीची सरळ रेषाच ही. अंतराबरोबर वाढतो तो ‘एम एक्स’ आणि कुठेही गेलात तरी द्यावाच लागतो तो ‘सी’. आपण घासाघीस करतो ती फक्त ‘एम’वर.

सरकारलाही हे माहीत आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची २० किलोमीटरपेक्षा दूर बदली झाली, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सामानाचे भाडे किलोमीटरवर मिळते आणि त्याशिवाय मूळ वेतनाच्या ८० टक्के एकरकमी अनुदान मिळते. ते अनुदान म्हणजेच ‘सी’!

गेलेला पैसा आणि अडकलेला पैसा

वरचे २०,००० हे गेलेले पैसे. पण खिशात तेवढेच घेऊन निघालात तर फसाल. किराया ८,००० धरला तर दोन महिन्यांचे डिपॉझिट १६,००० आणि पहिला महिना ८,०००. म्हणजे हातात ४४,००० पाहिजेत. त्यात गाडीचा वाटा सहावा भागसुद्धा नाही. जुन्या घराचे डिपॉझिट परत मिळेल हे खरे, पण ते बहुतेक वेळा चावी दिल्यावर मिळते, आणि नव्या घराचे चावी घेण्याआधी द्यावे लागते. हे मधले दिवस कुणाच्या पैशावर काढायचे ते आधी ठरवा.

गाडीवाल्याशी अर्धा तास भांडून ५०० रुपये वाचतात. दोन्ही किरायांचे पंधरा दिवस आठवड्यावर आणले तर २,००० वाचतात. मात्र घाईही नको. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे यादीत कॉलेजचे नाव लागेपर्यंत लातूरला डिपॉझिट भरू नये.

लातूरला घर बघताना आणखी एक प्रश्न किरायाच्याही आधी विचारावा : पाणी कसे येते? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिलला पहिली गाडी आली ती सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. दर वर्षी तसे होत नाही, पण हौद केवढा, बोअर आहे का, आणि टँकर मागवला तर पैसे कोणाचे, हे बोलून घेतलेले बरे.

कूलर की शिलाई मशीन?

आता गाडी किती मोठी घ्यायची? इथे टेप घेऊन बसावे. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. त्याचा हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच. सहा फुटांपर्यंत सामान रचले तर २०० घनफूट. पण कपाट आणि खुर्ची काही पाण्यासारखी एकमेकांत मुरत नाहीत, म्हणून ७० टक्केच धरा : १४० घनफूट. चौदा फुटी आयशरमध्ये याच हिशेबाने साडेतीनशे.

आमची यादी अशी होती : लोखंडी कपाट २९, दोन खाटा सुट्या करून ३६, कूलर २२, टेबल-खुर्ची २०, बारा खोकी ४१ आणि आईचे शिलाई मशीन ११. बेरीज १५९. म्हणजे १९ घनफुटांसाठी मोठी गाडी!

पप्पा म्हणाले, ‘मशीन राहू दे, तिथं कुठं लागतंय?’ पण मशीन काढले तरी १४८ उरतात, गाडी मोठीच लागते. कूलर काढला की १३७, आणि छोटा हत्ती पुरतो. शिवाय जूनमध्ये जाताना कूलर लागणार कधी, तर पुढच्या मार्चला! तात्पर्य काय, तर गाडी भरेपर्यंत प्रत्येक वस्तू फुकट जाते आणि भरल्यावर एकच वस्तू हजारोंना पडते. ती वस्तू कोणती, एवढेच शोधायचे. वजनही बघा. टाटा एसची क्षमता साधारण ७५० किलो, आणि दीड फुटी खोक्यात पुस्तके ठासली तर एकच खोके ६० किलोच्या आसपास जाते. पुस्तकांना खोके लहानच घ्यावे.

मशीनची गोष्ट मात्र घनफुटात संपत नाही. आई नांदेडला ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईक वर्षानुवर्षांचे. ते काही टेम्पोत घालून नेता येत नाही. वहीत मी लातूरचा खर्च लिहिला : खोलीचा किराया आणि दुसऱ्या चुलीचा खर्च मिळून महिन्याला ९,००० धरले तर चोवीस महिन्यांचे २,१६,०००. त्याखाली आईच्या बुडणाऱ्या कमाईची ओळ लिहिली. महिन्याला ५,००० धरले तरी १,२०,०००. ही ओळ आमच्या घरात तोपर्यंत कुणी बोलूनही दाखवली नव्हती. पप्पा बराच वेळ वही बघत बसले. मग आईच म्हणाली, ‘मशीन आधी चढवा. महिन्यातून एक रविवार मी इकडं येऊन कपडे घेऊन जाते.’ कूलर पप्पांकडे राहिला.

निघण्याआधी

गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्या, भरलेले सिलिंडर सामानात घालू नका. महावितरणच्या मीटरचा शेवटच्या दिवशीचा फोटो काढा, दोन्ही घरांचा. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, तरी सामानाची सही केलेली यादी ड्रायव्हरजवळ द्या. ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टी घ्या. नुकसान झाले तर कायद्याप्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि बिल्टी नसेल तर नोटीस कशाच्या आधारावर देणार? पॅकर्स-मूव्हर्सचा भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, तेही विचारा. फ्रिज उभाच न्या आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल खाली बसते. पूर्ण घर आणि गाडी दोन्ही नेत असाल तर पत्ता बदलल्याचे ३० दिवसांत आरटीओला कळवा. एकूण खर्चावर दहा टक्के जादा बाजूला ठेवा, जूनमध्ये पाऊस कुणाला विचारून येत नाही.

आणि शेवटचे. वहीत दोन पाने करा. एका पानावर गाडी, हमाली, डिपॉझिट. दुसऱ्या पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, आणि त्याच्यासमोर तो माणूस त्या गावात काय सोडून निघाला आहे ते. पहिले पान कोणीही लिहून देईल. दुसरे मात्र घरातल्यांना एकत्र बसवूनच लिहावे लागते, आणि ते गाडी ठरवायच्या आधी लिहावे.

सर्व बिऱ्हाडकरूंना शुभेच्छा!