निक्सी नळीच्या घड्याळाचे सुटे भाग
समजा, भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये तुमच्या टेबलावर जुने निक्सी घड्याळ आहे. इथला पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला. या घड्याळांसाठी आज मिळणाऱ्या नळ्याही बऱ्याचदा सोव्हिएत बनावटीच्याच असतात. आधी नळीवरचा क्रमांक वाचा. आयएन-१२ सॉकेटमध्ये बसते, आयएन-१४ च्या तारा सोल्डर कराव्या लागतात. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. (दोन्हींत ५ म्हणजे चक्क उलटा २!)

एखादा अंक अर्धवटच उजळतो? लगेच नवी नळी शोधू नका. तो अंक क्वचितच लागत असेल, तर शेजारच्या पेटत्या अंकांच्या धातूचा थर त्याच्या कॅथोडवर बसतो. तोच अंक काही तास सलग पेटता ठेवल्यास थर पुष्कळदा निघतो. नळी पेटायला सुमारे १७० व्होल्ट लागतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटर विसर्जित झाल्याशिवाय आत हात घालू नका.