आत गेलेल्या मुलाचं पोट का दुखतं?

"डॉक्टर, पोराला भेटून आले. पोट दुखतंय म्हणतो. एखादी गोळी द्या, पुढच्या खेपेला नेते."

इंदापूरच्या माझ्या दवाखान्यात एका आईनं केलेली ही मागणी. मुलगा सोळा वर्षांचा, मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात येरवड्याच्या निरीक्षणगृहात. ही उसाच्या खुरपणीवर, तर नवरा बारामतीच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर.

'पोरगं जेलात गेलं' असं आपण सहज म्हणतो. ते बरोबर नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. जामीन मिळाला नाही, तर चौकशी संपेपर्यंत निरीक्षणगृह. म्हणजे त्याचा दोष अजून ठरायचा असतो.

पण दार बाहेरून बंद झालं की शरीर घाबरायचं ते घाबरतंच. भूक मरते, आतड्यांची हालचाल बिघडते, झोप उडते. सोळाव्या वर्षी आठ ते दहा तास झोप हवी. ती मिळाली नाही की चिडचिड वाढते, मारामाऱ्या होतात. तंबाखूची सवय एकदम तुटलेली असेल, तर पहिले काही दिवस आणखी अवघड. एखादा मुलगा अंथरूण ओलं करतो आणि सकाळी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. 'मला भीती वाटते' हे काही तो म्हणणार नाही. 'पोरीसारखा रडतोस काय' हे ऐकतच तो मोठा झालेला असतो. म्हणून तो पोट दुखतं म्हणतो, आणि ते खरंच दुखत असतं.

अर्थात अपेंडिक्सही दुखू शकतं. तेव्हा घरून गोळ्या नेऊ नयेत. तिथल्या डॉक्टरांकडून तपासणी मागावी. समुपदेशन आणि व्यसनमुक्तीची सोयही याच कायद्यात सांगितली आहे.

भेटीचं महत्त्व मात्र आपल्याकडे कमी ओळखलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या १९९०च्या नियमांत आठवड्यातून एकदा, निदान महिन्यातून एकदा तरी भेट असावी, असं म्हटलंय. इंदापूरहून पुणं सव्वाशे किलोमीटरच्या वर. जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि कामाचा खाडा. बाप तर येतच नव्हता. "कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणायचा. मुलाचं नाव छापायला वर्तमानपत्रांना कायद्यानं बंदी आहे. स्टँडवरच्या चहाच्या टपरीला कोण बंदी घालणार?

भेटीत 'नाक कापलंस' इथून सुरुवात करू नका. शेळी व्याली, बहिणीचा पेपर बरा गेला, असं घरचं सांगा. झोप लागते का, कुणी मारतं का, ते विचारा. 'जगावंसं वाटत नाही' असं म्हणाला, तर रागावू नका आणि विषयही बदलू नका. स्पष्ट विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. निघण्याआधी अधीक्षकांना सांगा, लेखी द्या. घरच्यांना स्वतःला बोलायचं असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

त्या बाईला मी गोळी दिली नाही. नवऱ्याला घेऊन जा, म्हटलं. दोन खेपा तो गेला नाही, तिसऱ्या खेपेला गेला. बापलेकांत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. त्यानंतर ती दवाखान्यात आली, ती स्वतःच्या गुडघ्यासाठी.