सांबर-चितळांची शिंगे : हवामान व चाऱ्याचा परिणाम

रानालगत शेती असलेल्या शेतकरी बंधूंना उन्हाळ्याच्या तोंडी बांधावर किंवा नाल्याकाठी सांबराचे एखादे शिंग पडलेले आढळते. ते भांडणात मोडले असावे किंवा जनावर रोगट असावे, असा समज होतो. तो बरोबर नाही. गाय, म्हैस, नीलगाय, काळवीट यांची शिंगे हाडाच्या खुंटावर बसलेली पोकळ व कायमची असतात. सांबर, चितळ व भेकर यांच्या नरांची शिंगे मात्र भरीव हाडाची असून साधारणतः दरवर्षी गळतात व नव्याने फुटतात.

नव्या शिंगावर मखमलीसारखी लवदार कातडी असते. तिच्यातील रक्तवाहिन्यांतून शिंगाचे पोषण होते. ही वाढ इतकी जलद असते की रोजच्या चाऱ्यातील कॅल्शियम व स्फुरद पुरत नाही; मग ते बरगड्या व इतर हाडांतून घेतले जाते. भरपूर दुधाची गाय व्याल्यावर स्वतःच्या हाडांतील कॅल्शियम दुधात उतरवते, तसाच हा प्रकार होय. परंतु आधी शरीर, मग शिंग, हा क्रम ठरलेला आहे. उन्हाळ्यात खंगलेल्या नराची शिंगे आखूड व बारीक राहतात.

थंड प्रदेशात शिंगांचे वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर चालते. अमेरिकेतील यलोस्टोन भागात सर्वांत मोठ्या व लहान दिवसांत साडेसहा तासांहून अधिक फरक असतो. तेथील एल्क हरणाची शिंगे वसंतात गळतात, ऑगस्टपर्यंत नवी पक्की होतात. नागपूरकडे हा फरक पावणेतीन तासांच्या आसपासच असतो. त्यामुळे आपल्याकडे वेळा तितक्या काटेकोर नाहीत. चितळांच्या एकाच कळपात एक नर मखमलीत, तर दुसरा पक्क्या शिंगांचा दिसतो. सांबराची शिंगे बहुधा मार्च-एप्रिलमध्ये गळतात, नवी पावसाळ्यात वाढतात आणि हिवाळ्यातील माजाच्या हंगामापूर्वी टणक होतात.

म्हणजे सांबराच्या शिंगाची वाढ पहिल्या पावसाच्या कोवळ्या पाल्यावर अवलंबून असते. पाऊस लांबला तर नेमक्या गरजेच्या वेळी प्रथिने कमी पडतात. चाऱ्याचा प्रभाव किती असतो, हे १९३०च्या दशकात बोहेमियात फ्रान्झ व्होग्ट यांनी दाखविले. त्यांनी लाल हरणांना तिळाची पेंड खाऊ घातली व त्यांची शिंगे रानातल्या हरणांपेक्षा कितीतरी मोठी झाली. पेंडीची किंमत आपल्या गोठ्यालाच कळते असे नाही! मात्र वय व आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. एका शिंगावरून रानाची परीक्षा करू नये.

रानाची स्थिती मात्र पुष्कळशी आपल्या हाती असते. उन्हाळ्यात गवत जाळल्यास झुडपांची कोवळी फूट आणि जमिनीवर पडलेली मोहाची फुले, आवळा, बेहडा ही फळे होरपळतात. अति चराई झाली तर जून, चरबट गवतच शिल्लक राहते. अशा रानातील हरणे जून-जुलैमध्ये उगवत्या सोयाबीन-तुरीकडे वळतात. ती केवळ शिंगांसाठी येतात असे नव्हे. पाडस पाजणाऱ्या माद्यांनाही तेच हवे असते.

पावसाळा सरताना नर शिंगे घासू लागतात. त्या वेळी बागेतील कोवळ्या झाडांच्या बुंध्याची साल सोललेली आढळल्यास कारण हेच समजावे. अशा झाडांच्या बुंध्यांभोवती काटेरी फांद्या किंवा जाळी आधीच बांधावी.

गळालेले शिंग रानात वाया जात नाही. साळिंदर व इतर कुरतडणारे प्राणी ते खाऊन आपली कॅल्शियमची गरज भागवितात. उगाळून लावण्यासाठी सांबरशिंग घरी ठेवण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी आहे; परंतु १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवान्याशिवाय ते बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे. शिंग आढळल्यास उचलू नये, वनरक्षकाला कळवावे.