‘व्हॅक्सिन’मध्ये गाय कुठून आली?

पोलिओची असो वा गोवराची, या लशींमध्ये गायीपासून घेतलेला विषाणू नसतो. तरीही इंग्रजीत त्यांना ‘व्हॅक्सिन’ म्हणतात आणि या शब्दात चक्क गाय आहे. लॅटिनमध्ये ‘व्हाका’ म्हणजे गाय. ‘व्हाकिनस’ म्हणजे गायीचा.

त्याचे कारण देवीचा रोग. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर भागात दूध काढणाऱ्या बायकांच्या हातांवर गायीच्या सडांमुळे फोड येत. ते एकदा येऊन गेले की देवी येत नाहीत, असे तिथले लोक सांगत. डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स हिच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. नंतर त्याला मुद्दाम देवीच टोचून पाहिल्या. रोग झाला नाही. (आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही.) १७९८ च्या पुस्तकात जेन्नर यांनी या रोगाला ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’, म्हणजे ‘गायीच्या देवी’, असे लॅटिन नाव दिले. त्यातली ‘गाय’ तेवढी टिकली.

तेव्हा बाटल्या, शीतपेट्या नव्हत्या. एकाच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात, असा या द्रवाचा प्रवास चाले. बगदाद, बसरामार्गे तो मुंबईत पोहोचला आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचला गेला. भारतातील ही पहिली यशस्वी नोंद. मराठीतला ‘लस’ हा शब्दही फोडातून, जखमेतून येणाऱ्या द्रवाचाच. म्हणजे इंग्रजीने जनावर लक्षात ठेवले, मराठीने द्रव!

जवळपास ८० वर्षे ‘व्हॅक्सिन’ हे फक्त देवीच्या लशीचे नाव होते. कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांचा अँथ्रॅक्स यांवर लशी शोधणाऱ्या लुई पाश्चर यांनी १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यकीय परिषदेत सुचवले, की जेन्नर यांच्या सन्मानार्थ हाच शब्द सर्व लशींसाठी वापरावा. तेव्हापासून गाय सगळीकडे गेली.

पण गायीचा हा मान पूर्णपणे तिचाच आहे का? गायींना हा रोग घोड्यांपासून होतो, असा संशय खुद्द जेन्नर यांना होता. १९०२ मधील एका अमेरिकी देवीच्या लशीच्या जनुकांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातला विषाणू गायीच्या नव्हे, तर घोड्याच्या देवीच्या सर्वांत जवळचा निघाला. लॅटिनमध्ये घोड्याला ‘इक्वुस’ म्हणतात.