जिवाणूंच्या पेशीपटलातील होपॅनॉइड

वाइन उद्योगाच्या विंचूरसारख्या केंद्रांत द्राक्षरस आंबतो तेव्हा यीस्टला स्वतःच तयार केलेल्या मद्यार्काचा मारा सोसावा लागतो. कारण पेशीभोवतीच्या मेदाच्या पातळ दुहेरी थरात, म्हणजेच पेशीपटलात, शिरून मद्यार्क तो थर सैल आणि गळका करतो. यीस्ट त्या थरात अर्गोस्टेरॉल हा कोलेस्टेरॉलच्या कुळातील, म्हणजे स्टेरॉल वर्गातील, ताठ, चपटा रेणू बसवून स्वतःचा बचाव करते, आणि तो रेणू घडवण्यास प्राणवायू लागत असल्यामुळेच आंबवणीच्या आरंभी यीस्टला थोडी हवा मिळणे हिताचे ठरते.

बहुतेक जिवाणूंना स्टेरॉल बनवता येत नाही. त्यांतील काहींकडे मात्र होपॅनॉइड हा त्याच कामाचा रेणू असतो. दोहोंचा कच्चा माल एकच, स्क्वालीन नावाचा लांब साखळीचा मेदरेणू. परंतु स्टेरॉलसाठी त्याला आधी प्राणवायूची जोड द्यावी लागते, तर होपॅनॉइडसाठी एक विकर ती साखळी थेट पाच वलयांत दुमडते. प्राणवायूवाचून साधणारी ही रचना खरोखर विलक्षण म्हटली पाहिजे. ताडीसारख्या आंबणाऱ्या रसांत आढळणाऱ्या झायमोमोनास मोबिलिसच्या पेशीपटलात होपॅनॉइड विपुल असतात, आणि उघड्या राहिलेल्या वाइनचा शिरका करणाऱ्या ॲसिटोबॅक्टरमध्येही ते आढळतात.

जिवाणू मेल्यावरही हा पाच वलयांचा सांगाडा खडकांत कोट्यवधी वर्षे टिकतो, आणि खनिज तेलातील त्याच्या अवशेषांवरून भूरसायनतज्ज्ञ त्या तेलाच्या उगमखडकाचा माग काढतात.