आवाज कुणाचा?

रविवारची सकाळ. हातात चहाचा मग, समोर बाबांचा जुना ॲम्प्लिफायर. नुकताच आणलेला सेकंडहँड सीडी प्लेअर मी त्याला जोडला, किशोरीताईंची सीडी टाकली आणि व्हॉल्यूमचा नॉब जरासाच फिरवला. धाडकन आवाज! बाबा पेपर टाकून उठले, खालच्या काकूंनी गॅलरीतून वर पाहिलं. आवाज कमी करायला गेले, तर उजवा स्पीकर गप्प. मधलं काही नाहीच!

"पस्तीस वर्षं कॅसेट ऐकतोय, कधी असं झालं नाही," बाबा म्हणाले. आईचा निकाल तयारच होता, "द्या आता तो डबा भंगारात." बाबा काही बोलले नाहीत. पहिल्या बोनसमधून घेतलेला ॲम्प तो. मलाच कसंतरी झालं.

मग जरा शोधाशोध केली आणि कळलं, दोष कुणाचाच नाही. लोचा आहे व्होल्टेजचा. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिचे बहुतेक प्लेअर जास्तीत जास्त २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतात. कॅसेट डेक साधारण अर्ध्या व्होल्टवर भागवतो. आणि जुन्या ॲम्पच्या 'ऑक्स' इनपुटला फुल ताकदीसाठी ०.२ व्होल्टही पुरतात! म्हणजे सीडीचा सिग्नल दहापट, डेसिबलच्या भाषेत २० डेसिबलने जास्त. त्यात नॉबच्या अगदी सुरुवातीला डावा-उजवा चॅनेल सारखा चालत नाही. म्हणून एक स्पीकर मुका.

काही प्लेअरना 'व्हेरिएबल' आउटपुट असतं, तिथून आवाज कमी करता येतो. आमच्याला नव्हतं. मग गाठली पुण्याची तापकीर गल्ली. फंडा सोपा आहे: प्रत्येक चॅनेलच्या सिग्नलच्या वाटेत १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि त्याच्या पुढे सिग्नल व ग्राउंडच्या मध्ये ४.७ किलोओहमचा. सिग्नल साधारण एक तृतीयांश उरतो, म्हणजे १० डेसिबल कमी. कॅसेटच्या जवळपास! सोल्डरिंगचं टेन्शन असेल तर तयार ॲटेन्युएटरही मिळतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. सीडी प्लेअर 'फोनो'मध्ये चुकूनही लावू नका. ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं. आणि सीडी भारी की कॅसेट, हा वाद घालण्याआधी दोन्हींचा आवाज सारखा करा. जे मोठ्याने वाजतं ते कानाला आपोआप चांगलं वाटतं. ऑफिसच्या मीटिंगमध्येही हेच होतं, नाही का?

पुढच्या रविवारी नॉब आरामात मध्यापर्यंत फिरला. दोन्ही स्पीकर बोलते झाले. बाबा डोळे मिटून ऐकत होते, पेपर मांडीवर तसाच.

दुपारी भंगारवाला आला. फक्त रद्दी घेऊन गेला.